घरचे बीपी मशीन आणि मोबाईल अ‍ॅप : माप खरे हवे, खातेही खरे हवे

आमचा धंदा कापडाचा. श्रीवर्धन-म्हसळा भागात दुकान चालवून तीस वर्षे झाली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, तेही मॅट्रिकपर्यंत. वैद्यकशास्त्र आणि कॉम्प्युटर या दोन्ही विषयांशी आमचा शिक्षणाने काही संबंध नाही. तरीही या वेळी घरात वापरायची रक्तदाबाची व साखरेची यंत्रे आणि त्यांच्याशी जोडली जाणारी मोबाईल अ‍ॅप या विषयावर लिहायचे ठरवले आहे. त्याला कारण आमच्याच घरात घडलेला एक प्रसंग आहे. तो वाचून दुसऱ्या एखाद्या घराचे नुकसान टळले, तर लिहिल्याचे सार्थक होईल.

आमची अम्मी पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. तिला रक्तदाबाचा जुना त्रास आहे. मुलगा आखातात नोकरीला असतो. सुटीवर येताना त्याने तिच्यासाठी दंडावर बांधायचे चांगले मशीन आणले, स्वतःच्या आणि आमच्या मोबाईलवर त्याचे अ‍ॅप घातले आणि निघून गेला. इथे सकाळ-संध्याकाळ माप घेतले की आकडा तिथे त्याला दिसत असे. चार महिने उत्तम चालले. अम्मीचा वरचा आकडा १२८-१३० च्या आसपास राहत होता आणि सारे निश्चिंत होते.

पुढे आमचे भाईजान पंधरा दिवस राहायला आले. त्यांचा रक्तदाब जास्त आहे. मशीन समोरच होते, तेही त्यावरच माप घेऊ लागले. त्या मशीनवर दोन माणसांसाठी दोन वेगवेगळी बटणे होती, परंतु ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि अ‍ॅपनेही कधी विचारले नाही. भाईजानांचे १६०-१७० चे आकडे अम्मीच्याच नावावर चढत गेले. महिन्याअखेर अ‍ॅपने अम्मीची सरासरी दीडशेच्या आसपास दाखवली आणि वर लाल खूण केली. मुलगा घाबरला, त्याने फोनवर फोन केले. आम्ही मोबाईलवरचा आलेख डॉक्टरांना नेऊन दाखवला. अम्मीला सोबत नेले नाही आणि घरी पाहुणे होते हेही सांगितले नाही. आलेख पाहून डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण वाढवले. चौथ्या दिवशी फजरच्या वेळी वजूसाठी उठताना तिला चक्कर आली. ती मोरीत पडली आणि उजवे मनगट मोडले. दवाखान्यात मोजले तेव्हा वरचा आकडा शंभरच्याही खाली होता.

हाड जुळले, अम्मी बरी झाली. परंतु तो हात पूर्वीसारखा चालत नाही. तांदळाची भाकरी थापणे तिने तेव्हापासून सोडले आहे.

यात मशीनचा दोष नव्हता, त्याने प्रत्येक माप बरोबर घेतले होते. दोष होता वहीचा. दोन गिऱ्हाइकांची उधारी एकाच पानावर लिहिली गेली होती. आमच्या दुकानात गुमास्त्याने असे केले असते, तर आम्ही संध्याकाळच्या आत पकडले असते. मोबाईलच्या वहीवर मात्र आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला. त्यानंतर आम्ही हा विषय समजून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांना विचारले, मेडिकलवाल्यांना विचारले, कॉम्प्युटर शिकलेल्या पुतण्याला रात्री बसवून प्रश्न केले. जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

हा विषय आपल्या पानावर कशासाठी?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. गल्ल्यावर बसणारा व्यापारी आणि दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेला कारागीर यांतून सुटलेले नाहीत. दुसरे म्हणजे आपल्या किनारपट्टीवर घरोघरी कमावता माणूस आखातात, मुंबईत किंवा परदेशात असतो आणि वडीलधारी माणसे गावी असतात. अशा घरांत ही यंत्रे झपाट्याने येत आहेत. तिसरे म्हणजे यात व्यापाराची आणि हुनराची संधी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

समजण्यास सोपे जावे म्हणून या साऱ्या व्यवस्थेचे तीन भाग करावेत. पहिले माप, म्हणजे यंत्र. दुसरा दुवा, म्हणजे यंत्रातून मोबाईलकडे आकडा जाण्याची वाट. तिसरी वही, म्हणजे अ‍ॅप. तिन्हींपैकी एकही कच्चे असेल, तर सारा हिशेब चुकतो.

१. माप

आमच्या व्यवसायात टेप खोटी असेल तर पुढची सारी मेहनत वाया जाते. इथेही तसेच आहे. रक्तदाबाच्या यंत्राची टेप म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा. हा पट्टा सर्वांना एकच चालत नाही. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा. अनेक मशीनबरोबर येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच बांधला, तर आकडा खोटा वाढून येतो. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो अशांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे २० ने जास्त आला. आमच्या शिंपी बांधवांना हे सांगायची गरज नाही की ३८ च्या छातीला ३४ चा सदरा चढवला तर काय होते.

येथे अ‍ॅपमध्ये पहिली सुधारणा हवी. अ‍ॅप सुरुवातीला नाव, वय, उंची, वजन विचारते, पण दंडाचा घेर बहुधा विचारत नाही. तो विचारावा, घरातली शिवणाची टेप घेऊन कसा मोजायचा ते चित्राने दाखवावे आणि पट्टा लहान पडत असेल तर स्पष्ट सांगावे.

माप घेण्याची रीतही ठरलेली आहे. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात छातीच्या पातळीवर टेकलेला. बोलू नये. नुकताच चहा किंवा सिगारेट घेतलेली नसावी. बाही इतकी घट्ट दुमडू नये की दंड आवळला जाईल. आमच्या भगिनींसाठी या कामापुरता सैल बाहीचा एक कुर्ता बाजूला ठेवणे सर्वांत सोपे. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन मापे घ्यावीत. ही रीत अ‍ॅपला ठाऊक असते, पण ती मदतीच्या कुठल्या तरी पानात इंग्रजीत पडून असते. तिथे ठेवून उपयोग नाही. माप घेण्याच्या क्षणी अ‍ॅपने पाच मिनिटांचे घड्याळ लावावे आणि आवाजात सांगावे, ‘आता शांत बसा.’

आणखी एक सावधगिरी. यंत्राशिवाय, नुसत्या मोबाईलवर बोट ठेवून रक्तदाब सांगतो असा दावा करणाऱ्या अ‍ॅपपासून दूर राहावे. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये असे एक अ‍ॅप लाखाहून अधिक लोकांनी विकत घेतले. २०१६ साली संशोधकांनी ते तपासले, तेव्हा खरोखर उच्च रक्तदाब असलेल्या पाच जणांपैकी सुमारे चार जणांना ते ‘जास्त नाही’ असे सांगत असल्याचे दिसले. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली. रंग पक्का म्हणून कच्च्या रंगाचा माल विकावा, तसा हा प्रकार होय.

२. दुवा

बहुतेक यंत्रे ब्लूटूथने मोबाईलशी बोलतात. ही वाट चार-पाच ठिकाणी अडते आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून मशीन कपाटात टाकतात.

पहिली अडचण परवानगीची. ब्लूटूथचे यंत्र शोधण्यासाठी अ‍ॅप ‘लोकेशन’, म्हणजे आपण कुठे आहोत ते विचारते. माणूस साहजिकच संशय घेतो आणि नकार देतो, मग यंत्र सापडतच नाही. यामागे कारण आहे. अँड्रॉइडच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ब्लूटूथने यंत्र शोधायचे तर लोकेशनची परवानगी लागत असे. २०२१ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ‘जवळची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी झाली. आपल्याकडे जुने मोबाईल भरपूर आहेत, मुलाचा जुना फोन आईकडे येतो. तेव्हा अ‍ॅपने आधी दोन ओळींत खुलासा करावा की ही परवानगी कशासाठी लागते, आणि मगच ती मागावी. दुकानात गिऱ्हाइकाला कारण सांगून चार प्रश्न विचारले तर तो राग धरत नाही.

दुसरी अडचण बॅटरी वाचवण्याच्या सोयीची. पुष्कळ मोबाईल मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करून टाकतात. मशीनने माप घेतले तरी आकडा मोबाईलवर पोहोचत नाही. मुलाला परदेशात वाटते की आईने आज माप घेतलेच नाही. अ‍ॅपने यात फरक करावा. ‘माप घेतले नाही’ ही एक गोष्ट आणि ‘आकडा अजून आलेला नाही’ ही दुसरी. दोन्हींना एकच लाल खूण नको.

तिसरी अडचण तारखेची. पुष्कळ यंत्रांतले सेल बदलले की घड्याळ मागे जाते. मग आजचे माप कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीला जमा होते आणि अ‍ॅपच्या यादीत तळाला जाऊन बसते. आज काय झाले ते कोणाला दिसत नाही. आपल्या रोजमेळात आजची जमा पाच वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिली गेली तर आपण काय म्हणू? मोबाईलला खरी वेळ माहीत असते. अ‍ॅपने जोडणी होताच यंत्राचे घड्याळ तपासावे, फरक असल्यास विचारून दुरुस्त करावे. हे काम अवघड नाही, केवळ आठवणीने करायचे आहे.

चौथी गोष्ट वीज आणि नेटवर्कची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात येऊन आदळले. नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब पडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि मोबाईलचा पत्ता नव्हता. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ‘इंटरनेट नाही’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि अशाच दिवसांत म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब बिघडतो. म्हणून जे अ‍ॅप इंटरनेट नसेल तर उघडतच नाही, किंवा जुने आकडे दाखवत नाही, ते आपल्या कामाचे नाही. आकडे आधी मोबाईलमध्ये साठले पाहिजेत आणि नेट आल्यावर आपोआप पुढे गेले पाहिजेत. सोबत कागदाची एक वही ठेवावी, हा आमचा आग्रह आहे.

३. वही

आता मुख्य भागाकडे येऊ. अम्मीच्या बाबतीत चूक इथे झाली.

*(अ) खाते कोणाचे?* माप आल्यावर अ‍ॅपने एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत विचारावा : ‘हे माप कोणाचे?’ खाली घरातल्या माणसांची नावे असावीत, आणि एक बटण ‘पाहुण्याचे’ असावे. आकडा नेहमीपेक्षा फारच वेगळा असेल, तर पुन्हा विचारावे. चुकून दुसऱ्याच्या खात्यावर गेलेला आकडा हलवण्याची सोय असावी. आमच्या अ‍ॅपमध्ये आकडा पुसता येत होता, पण हलवता येत नव्हता.

*(ब) एकक कोणते?* साखर मोजण्याची दोन एकके जगात चालतात. भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालते. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांत मिलिमोल प्रति लिटर. दुसऱ्याला १८ ने गुणले की पहिले मिळते. म्हणजे तिथला ७ हा इथला १२६ होय. आपल्या कोकणी घरांतले लोक या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत आणि येताना भेट म्हणून ग्लुकोमीटर आणतात. इथे घरच्यांना मशीनवर ९.५ दिसते आणि ते समजतात की मशीन बिघडले. प्रत्यक्षात ती १७१ साखर असते. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता की काही ग्लुकोमीटर खाली पडल्यास किंवा सेटिंग करताना नकळत एकक बदलून घेतात. गज आणि मीटर यांतला फरक न सांगता कापड विकणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. अ‍ॅपने आकड्याशेजारी एकक मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि हाताने भरलेला आकडा पटण्यासारखा नसेल तर थांबवून विचारावे.

*(क) एक आकडा की सरासरी?* एका मापावर घाबरू नये आणि एका मापावर निश्चिंतही होऊ नये. डॉक्टरांना पाहायची असते ती रीतसर घेतलेली सरासरी. सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मापे घ्यावीत, पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी, अशी पद्धत आहे. घरच्या मापासाठी साधारण १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यातल्या मापासाठी १४०/९०. पुष्कळ अ‍ॅप घरच्या मापालाही दवाखान्याची रेषा लावतात, काही तर कोणती रेषा लावली तेच सांगत नाहीत. अ‍ॅपने डॉक्टरांसाठी एकच पान काढून द्यावे : तारखा, मापे, सरासरी, कोणते यंत्र, कोणता पट्टा, आणि चालू असलेली औषधे. रंगीबेरंगी आलेख नको. आणि औषध वाढवणे-कमी करणे हे काम अ‍ॅपचे नाही, परदेशात बसलेल्या मुलाचे नाही आणि आमचेही नाही. रुग्णाला समोर बसवून डॉक्टरांनीच ते ठरवावे. ही गोष्ट आम्ही महाग किंमत देऊन शिकलो.

*(ड) भाषा आणि आकडे.* अम्मी उर्दू वाचते, थोडे मराठी वाचते, इंग्रजी वाचत नाही. मशीनवर इंग्रजी आकडे, अ‍ॅपमध्ये इंग्रजी वाक्ये. आम्ही ज्यांना भाषांतर म्हणतो त्यातही गोम आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे डावीकडून उजवीकडे. अ‍ॅप करणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर उजवीकडून चालणाऱ्या ओळीत वरचा आणि खालचा आकडा जागा बदलतात आणि १३० / ८० चे ८० / १३० होते. म्हणून दोन आकडे एका ओळीत तिरकी रेघ मारून लिहिण्यापेक्षा एकाखाली एक लिहावेत, आणि ‘वरचा’ व ‘खालचा’ असे शब्द टाकावेत. वाचता न येणाऱ्यासाठी आवाज असावा. घरातली म्हातारी स्वतः आकडा समजू शकली, तर पाहुण्याचा आकडा आपल्या नावावर गेला हे तीच प्रथम सांगेल.

*(इ) दिवसाचे वेळापत्रक.* साखरेची अ‍ॅप ‘नाश्त्यापूर्वी’, ‘जेवणानंतर दोन तासांनी’ असे रकाने ठेवतात. रमजानमध्ये हे सारे वेळापत्रक उलटते. दुपारी साखर उतरते तेव्हा अ‍ॅपला वाटते की माणूस नुकताच जेवला आहे. रमजान आणि मधुमेह यावर १३ देशांत १२ हजारांहून अधिक रुग्णांचा जो मोठा अभ्यास २००१ मध्ये झाला, त्यात साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रमाण त्या महिन्यात, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, साडेसात पटींनी वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही तीत सांगितले आहे. मग अ‍ॅपमध्ये सहरी, दुपार, इफ्तारपूर्वी, इफ्तारनंतर असे रकाने असायला काय हरकत आहे? उपवास इतर समाजांतही आहेत. चातुर्मास आणि नवरात्र पाळणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही ही सोय उपयोगी पडेल. मात्र रोजे ठेवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

सिंधुदुर्गातले एक उदाहरण

एवढी मागणी ऐकून कोणी म्हणेल की हे सारे व्हायचे कसे? त्यासाठी एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास पाच राज्यांतून सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचे सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे आरंभी होते. आरोग्य केंद्रांतल्या नोंदीसाठी महाराष्ट्रात ‘सिंपल’ नावाचे अ‍ॅप वापरले गेले. हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्याची आतली रचना कोणालाही पाहता व वापरता येते.

हे अ‍ॅप यंत्राशी जोडलेले नाही. परिचारिका माप घेते आणि आकडा हाताने भरते. परंतु त्यात शिकण्यासारख्या चार गोष्टी आहेत. एक, ते कामापुरतेच विचारते, त्यामुळे जुन्या रुग्णाची नोंद काही सेकंदांत होते. दोन, नेट नसले तरी चालते, आल्यावर माहिती पुढे पाठवते. तीन, रुग्णाला एक कार्ड मिळते. त्यावरची चौकोनी खूण मोबाईलने वाचली की त्याच माणसाचे खाते उघडते, म्हणजे खात्यांची अदलाबदल होण्याला आळा बसतो. चार, जो रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही त्याची यादी ते काढून देते, आणि कर्मचारी त्याला फोन करतात. या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्तरावर पुरस्कार मिळाला. अ‍ॅप हा त्या उपक्रमाचा एक भाग. त्याबरोबर ठरलेली औषधे, गावाजवळ तपासणी आणि माणसांचा पाठपुरावा हेही होते.

घरची अ‍ॅप करणाऱ्या कंपन्या शंभर सोयी घालतात : पावले मोजणे, झोप मोजणे, पाककृती, जाहिराती. सिंपलने थोड्याच गोष्टी केल्या आणि त्या नीट केल्या. दुकानात हजार नमुने ठेवून गिऱ्हाइकाला हवे ते मापच नसावे, त्यापेक्षा मोजके ठाण असावेत पण माप आणि रंग खात्रीचे असावेत.

अमानत

कोणाला कोणता आजार आहे ही माहिती अमानत आहे. मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असताना तिच्या साखरेचे आकडे बाहेर गेले, किंवा व्यापाऱ्याच्या हृदयविकाराची बातमी देणेकऱ्यांच्या आधी बाजारात पसरली, तर काय होते ते सांगायला नको. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला दिली पाहिजे. त्या यादीत मराठी आहे, उर्दू आहे, कोकणीही आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही त्यात आहे. तेव्हा ‘मला ही सूचना माझ्या भाषेत हवी’ असे कंपनीला लिहिण्यात संकोच करू नये.

व्यापाराची आणि हुनराची बाजू

काही बांधव विचारतील, हे मशीन आपल्या दुकानात ठेवून विकावे काय? आधी नियम पाहावेत. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ सालचे आहेत. ज्यांच्याकडे औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांना अशी उपकरणे विकण्यासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत २०२२ च्या दुरुस्तीने आली. जागा, जाणकार माणूस, खरेदी-विक्रीची नोंद अशा अटी असतात. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी केल्याशिवाय माल भरू नये.

परंतु विक्रीपेक्षा सेवेत अधिक काम आहे, असे आम्हाला दिसते. मोबाईल दुरुस्त करणारी आपली मुले प्रत्येक बाजारपेठेत आहेत. यंत्र मोबाईलशी जोडून देणे, घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते उघडणे, तारीख व एकक तपासणे, दंडाचा घेर मोजून योग्य पट्टा सांगणे, सेल बदलल्यावर पुन्हा घड्याळ लावणे, एवढे काम माफक मोबदल्यात घरी जाऊन करणारा मुलगा गावाला हवाच आहे. त्याने औषधाविषयी तोंड उघडू नये आणि कोणाच्या घरचा आकडा दुसऱ्या घरी सांगू नये, या दोन अटी. आणि पनवेल, मुंबई, पुण्यात अ‍ॅप बनवण्याचे काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना सांगणे असे की सुटीत गावी आल्यावर दादी-नानीच्या शेजारी बसावे आणि तिला ते अ‍ॅप स्वतः चालवू द्यावे. मदत करू नये, नुसते पाहावे. ती जिथे अडेल तिथे खूण करावी. सुधारणेची यादी तिथेच तयार होईल.

घेण्यापूर्वी विचारायचे आठ प्रश्न

१. पट्टा घरातल्या माणसाच्या दंडाला बसतो का? टेप सोबत न्यावी.
२. हे मॉडेल माणसांवर तपासून प्रमाणित झाले आहे का? नुसते ‘क्लिनिकली टेस्टेड’ छापलेले पुरेसे नाही. कोणत्या मानकानुसार तपासले ते विचारावे.
३. प्रत्येकासाठी वेगळे खाते आहे का? पाहुण्याचे माप वेगळे ठेवता येते का?
४. सेल बदलल्यावर तारीख राहते की जाते?
५. नेट बंद करून अ‍ॅप चालते का? दुकानातच बंद करून पाहावे.
६. साखरेचे एकक कोणते?
७. मराठी किंवा उर्दू आहे का? आवाज आहे का?
८. सारे आकडे एका पानावर छापून डॉक्टरांना देता येतात का, आणि अ‍ॅप काढून टाकल्यावर ते आपल्याला मिळतात का?

यंत्र घेतल्यावर ते एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे, आणि वर्षातून एकदा पुन्हा. आपण वजनमापे तपासून शिक्का मारून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या घरी आता अम्मीचे बटण एक आणि इतरांचे दुसरे. अम्मीच्या बटणावर आम्ही हिरव्या धाग्याची एक गाठ चिकटवली आहे, म्हणजे चष्मा नसला तरी बोटाला कळते. आकडा मोबाईलवर जातो, आणि तोच आकडा नात एका जुन्या हिशेबाच्या वहीत लिहिते. दर जुम्याला आम्ही दोन्ही ताडून पाहतो. गेल्या चार महिन्यांत दोनदा फरक सापडला. दोन्ही वेळा वही बरोबर होती.